सापाच्या रक्तातला पोटभाडेकरू

सापाचं रक्त शेपटीतून काढतात. नाग-घोणस असेल तर आधी डोकं पारदर्शक नळीत घालायचं, मग शेपटीखालच्या खवल्यांमधून बारीक सुई मधोमध न्यायची. चार-दोन थेंब पुरतात. एक काचपट्टीवर, बाकीचे कुपीत. कुपीत हेपारिन नको: ते रक्त गोठू देत नाही हे खरं, पण पुढे पीसीआरलाही, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीलाही, अडवतं.

पट्टीला गिम्साचा रंग दिला की लंबगोल तांबड्या पेशी दिसतात, प्रत्येकीत जांभळं केंद्रक. (माणसाच्या तांबड्या पेशीत ते नसतं.) एखाद्या पेशीत मात्र केंद्रक कडेला रेटलेलं असतं आणि मधे केळ्यासारखा वाकडा कुणीतरी ऐसपैस पसरलेला. हा हेपॅटोझून नावाचा परजीवी.

असले पाहुणे शोधण्याची हैदराबादला जुनी सवय. 20 ऑगस्ट 1897 रोजी इथेच, सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. त्या कामाची बेगमपेटची इमारत अजून उभी आहे. हिवताप डास चावल्यानं होतो. हेपॅटोझूनचं उलट आहे. इथं डास किंवा गोचीड गिळावी लागते, नाहीतर ती गिळणाऱ्याला तरी गिळावं लागतं. बेडकानं डास खाल्ला, दिवडानं बेडूक खाल्ला, की भाडेकरूचं घर बदललं.

सापाच्या पेशीतलं ते डीएनए बाळगणारं केंद्रक या शहराच्या कामीही आलं. शास्त्रज्ञ लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्याराच्या मादीच्या डीएनएतून ‘बीकेएम’ नावाचा तुकडा वेगळा काढला होता. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत त्याच तुकड्यानं माणसांचे डीएनए ठसे घेतले गेले आणि पितृत्वाचे दावे न्यायालयात निकाली निघाले. वन्यजीवांसाठी त्यांनी अत्तापूरला ‘लॅकोन्स’ ही प्रयोगशाळा उभारली. 2021 मध्ये शहराच्या प्राणिसंग्रहालयातल्या 8 आशियाई सिंहांना कोरोना झाल्याचं तिथंच निश्चित झालं.

परजीवी शोधणाऱ्याला मात्र तेच केंद्रक नडतं. थेंबभर रक्तात सापाचाच डीएनए खच्चून भरलेला, परजीवीचा चिमूटभर. त्यात शोधायचा तो 18एस जनुक दोघांकडेही आहे, बराचसा सारखा. म्हणून प्रायमर, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, असे निवडावे लागतात की ते सापाच्या प्रतीला सोडून परजीवीच्याच प्रतीला चिकटतील. हेपॅटोझूनसाठी वापरात असलेली एक जोडी सुमारे 600 अक्षरांचा तुकडा उचलते. मग तापवा, गार करा, पुन्हा तापवा. दर फेरीला दुप्पट धरलं तर 35 फेऱ्यांत एकाचे 3,400 कोटींवर होतात. जेलवर 600 च्या खुणेसमोर पट्टा उजळला की तो कापून त्याचा क्रम वाचायचा आणि जगभरच्या नोंदींशी ताडायचा. काचपट्टीवर सगळी केळी सारखीच दिसतात. वेगळ्या जाती इथं कळतात. शेकडो पेशी चाळूनही हुकलेला विरळ संसर्गही बऱ्याचदा इथं सापडतो.

म्हणून काचपट्टी फेकून द्यायची, हे मला पटत नाही. पीसीआर ‘आहे’ एवढंच सांगतो. किती पेशींत आहे, केंद्रक रेटलंय का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. शिवाय ‘आहे’ म्हणजे साप आजारी, असंही नाही. रानातले बहुतेक साप या भाडेकरूला विनातक्रार पोसतात. वनखात्याच्या परवानगीनं पकडलेली धामण रक्त देऊन त्याच दिवशी झाडीत परत जाते. तिच्या नावापुढे अधिक की उणे, हे ठरतं तेव्हा ती कुठल्या तरी शेताच्या बांधावर उंदरामागे असते.