रसवंतीचा चरक आणि आयोवाचं वॉशिंग मशीन

अमेरिकेत जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये सिमेंटचं जोड सिंक तुम्ही पाहिलं असेल. आपण त्यात रंगाचे ब्रश धुतो. पण त्या दोन सिंकांना अर्थ होता: एकात साबण काढायचा, दुसऱ्यात पुन्हा खळबळून पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची. (हो, नीळ इथेही होती आणि आहे.) शेजारी असायचं रिंगर वॉशर, म्हणजे वर कपडे पिळायचे दोन रबरी रोलर बसवलेलं वॉशिंग मशीन.

ही मशीनं आजही लोक हौसेने जमवतात, दुरुस्त करतात आणि वापरतात. कोलोरॅडोतल्या ईटन गावी ली मॅक्सवेल या निवृत्त प्राध्यापकांनी हजाराहून जास्त जुनी वॉशिंग मशीनं जमवली. ओहायो आणि पेनसिल्व्हेनियातल्या अनेक आमिश घरांत तर ती हौस नसून रोजचा व्यवहार आहे. वीजवाहिनीशी घर जोडायचं नाही, म्हणून मशीन पेट्रोलच्या इंजिनावर किंवा दाबाखालच्या हवेवर चालवायचं.

या मशीनचं माहेर म्हणजे आयोवातलं न्यूटन, डेमॉइनच्या पूर्वेला आय-८० वर. तिथल्या मेटॅग कंपनीने १९२२ मध्ये 'जायराफोम' बाजारात आणलं. त्याआधीच्या बऱ्याच मशीनांत कपडे ढवळणारा दांडा झाकणाला लटकलेला असे आणि तो कपडे पाण्यातून ओढत फिरवी. मेटॅगने ढवळणारी पाती टबच्या तळाशी नेली. ताक घुसळताना रवी कशी मागे-पुढे फिरते? तसंच. कपडे ओढण्याऐवजी पाणीच कपड्यांतून जाऊ लागलं. वीज न पोचलेल्या शेतांसाठी हेच मशीन छोट्या पेट्रोल इंजिनासह मिळे. पाय मारून ते सुरू करायचं आणि धुराची नळी खिडकीबाहेर सोडायची.

१९३७ मध्ये बेंडिक्सचं स्वयंचलित मशीन आलं, तरी मेटॅगने रिंगर बनवणं थेट १९८३ मध्ये थांबवलं. एवढी वर्षं ते का टिकलं, याचं एक कारण त्या रोलरमध्ये आहे.

रसवंतीगृहातला चरक आठवा. ऊस दोन रुळांमधून जातो, रस खाली आणि चिपाड पलीकडे. रिंगर तेच करतो. ओल्या कपड्यात काही पाणी धाग्यांमधल्या मोकळ्या जागेत असतं, काही तंतूंमधल्या बारीक फटींत पृष्ठताणामुळे अडकलेलं असतं आणि थोडं तंतूंच्या आत मुरलेलं असतं. रोलर पहिल्या प्रकारचं पाणी सहज काढतात, दुसऱ्यातलं बरंचसं. तिसरं मात्र वाळवूनच जातं. हाताने पिळताना आपण पीळ घालतो, त्यात धागे ताणले जातात आणि दाब सगळीकडे सारखा पडत नाही. रोलरचा दाब एका अरुंद पट्टीवर एकवटतो आणि कपड्याचा प्रत्येक भाग त्या पट्टीखालून जातो.

आता हिशेब करू. एक लिटर पाण्याची वाफ करायला खोलीच्या तापमानाला सुमारे २.४५ मेगाज्यूल, म्हणजे ०.६८ युनिट वीज लागते. ड्रायर कितीही चांगला असला, तरी तापवून वाळवणाऱ्या साध्या ड्रायरला ही किंमत चुकत नाही. उलट, रिंगरची मोटर २५० वॉटची धरा आणि ती पाच मिनिटं चालवा: फक्त ०.०२ युनिट. तेवढ्यात एकच लिटर पाणी निघालं असं मानलं, तरी फरक तीसपटींहून जास्त. पाणी ढकलून काढणं स्वस्त, वाफ करून काढणं महाग. ढकलताना पाणी द्रवच राहतं. वाफ करताना प्रत्येक रेणू शेजाऱ्यांपासून तोडावा लागतो.

तुमच्या घरातलं मशीन हेच स्पिनने करतं. २५ सेंटीमीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला १००० फेरे घेतो, तेव्हा पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २८० पट जोर पडतो. म्हणून आजच्या वेगवान स्पिनपुढे रोलर जिंकतीलच असं नाही. पण तत्त्व एकच. अमेरिकी ऊर्जा विभागही वॉशरची कार्यक्षमता ठरवताना कपड्यांत उरलेल्या पाण्याचा हिशेब धरतो.

आता धोका. १९३८ मध्ये मॅककॉलम या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 'रिंगर आर्म'च्या २६ रुग्णांची नोंद केली. हात रोलरमध्ये ओढला जातो, कोपराशी किंवा काखेशी अडतो, पण रोलर फिरतच राहतात. घर्षणाने त्वचा भाजते, खालच्या थरापासून सुटते आणि आत सूज वाढून रक्तपुरवठा बंद होऊ शकतो. वरून जखम किरकोळ दिसते, हीच त्यातली फसवणूक. असं झालं तर लगेच डॉक्टरांकडे जायचं.

तेव्हा असं मशीन घ्यायचा मोह झालाच, तर आधी रोलर झटक्यात सैल करणारी सेफ्टी रिलीज चालते का, ते पाहा. जुनी दोन तारांची वायर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगसह बदलून घ्या आणि मशीन जीएफसीआय सॉकेटलाच लावा. सुमारे ५ मिलिॲम्पियर गळतीला तो वीज तोडतो, आणि ओल्या फरशीवरच्या धातूच्या टबाजवळ हे हवंच. बांगड्या, ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस नकोत. मुलं जवळ असतील तर मशीन सुरूच करू नका. काम झालं की रोलर सैल करून ठेवा, नाहीतर रबर एका जागी चपटं होतं.

मशीन नको असेल, तरी एक प्रयोग कराच. कोरडा टॉवेल किचनच्या काट्यावर तोला. मग भिजवून हाताने पिळून, आणि पुन्हा भिजवून सर्वात जोरदार स्पिननंतर तोला. दोन ओल्या वजनांतला दर १०० ग्रॅमचा फरक म्हणजे ड्रायरचं किमान ०.०७ युनिट वाचलं. एका टॉवेलचा आकडा छोटा वाटेल. त्याला आठवड्याच्या कपड्यांनी आणि वर्षाच्या ५२ आठवड्यांनी गुणा, आणि मग स्पिनचं बटण कुठे ठेवायचं ते ठरवा.