न्यायाधीशाचं प्रचारपत्रक ‘डेटा’ म्हणून वाचताना

आपल्याकडे न्यायाधीश मतं मागत नाहीत, त्यामुळे हे आधी विचित्रच वाटतं. अमेरिकेत टेक्सासमधले अपील न्यायाधीश दर 6 वर्षांनी निवडणूक लढवतात आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव असतं. विस्कॉन्सिनमध्येही मुदत 6 वर्षांचीच, पण मतपत्रिकेवर पक्ष नसतो. मग पुन्हा उभा राहिलेला कॉन्झर्व्हेटिव्ह न्यायाधीश आपली बाजू सांगणार कशी? पूर्वीची सरकारी वकिली, चर्च, कुटुंब... पक्षाचं काम इथे चरित्र करतं. (2002 च्या मिनेसोटा खटल्यापासून उमेदवाराला वादग्रस्त मुद्द्यांवर मत मांडायचीही मोकळीक आहे. अमुक निकाल देईन असं वचन देण्याचा प्रश्न मात्र त्या खटल्यात नव्हता.)

तुम्ही यावर काम करणार असाल, तर ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला एकच कोड देऊन मोकळे होऊ नका. कायद्याचे शब्द आहेत तसे वाचणं वेगळं, गुन्हेगाराला कडक शिक्षा हवी असं वाटणं वेगळं. एकाच फौजदारी अपिलात दोन्ही एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतात. पत्रकात ही भानगड सहसा दिसायची नाही. त्यासाठी निकालपत्रंच काढावी लागतात. अपील सहसा तीन न्यायाधीश ऐकतात आणि बरेचसे निकाल एकमताने होतात, म्हणून त्यांनी स्वतः लिहिलेली भिन्न मतं आधी वाचा.