टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेण्यापूर्वी...

मालाड, विशेष प्रतिनिधी : सततचा थकवा, चिडचिड, मंदावलेली कामेच्छा आणि पोटाचा वाढता घेर. चाळिशीच्या आसपासच्या पुरुषाला यातली दोन-तीन लक्षणे तरी आपली वाटतातच. मालाडहून चर्चगेटपर्यंत रोज गर्दीच्या लोकलने जाणाऱ्याला दमण्यासाठी एखादे संप्रेरक कमीच व्हावे लागते, असे नाही. तरीही या साऱ्यावर टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन वा जेल हाच उपाय, असा समज व्यायामशाळांतून आणि मोबाइलच्या पडद्यावरून पसरतो आहे.

हे संप्रेरक प्रामुख्याने वृषणांत तयार होते. तिशी-चाळिशीनंतर त्याची पातळी वर्षाला साधारण एक टक्क्याने घटते; तो आजार नव्हे. जन्मजात गुणसूत्रदोष, गालगुंडामुळे वृषणांना झालेली इजा, पिट्युटरी ग्रंथीतील गाठ किंवा कर्करोगावरील उपचार यांमुळे ज्यांच्यात ते पुरेसे तयारच होत नाही, त्यांच्यासाठी मात्र हा उपचार मोलाचा ठरतो. कामेच्छा परत येते, हाडे व स्नायू सावरतात, हिमोग्लोबिन सुधारते.

आपण यापैकी कोण, हे एका चाचणीवरून ठरत नाही. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वाधिक असते आणि दिवसभरात उतरते. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा रक्त तपासावे लागते. पातळी दोन्ही वेळा कमी (साधारणपणे डेसिलिटरला ३०० नॅनोग्रॅमच्या खाली) आणि सोबत लक्षणेही असतील, तरच उपचाराचा विचार होतो. मालाड पश्चिमेच्या माइंडस्पेस परिसरातील कार्यालयांत रात्रपाळी करणाऱ्यांचे घड्याळच उलटे. त्यांनी पाळी संपवून थेट प्रयोगशाळा गाठली, तर अहवाल फसवा येऊ शकतो. पाळीची वेळ डॉक्टरांना सांगून, पुरेशी झोप झाल्यावर रक्त द्यावे.

तरुणांनी सर्वाधिक सावध राहावे असा मुद्दा मात्र वेगळाच आहे. पौरुष वाढवण्यासाठी घेतलेले हे औषध शुक्रजंतूंची निर्मिती थांबवू शकते. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की मेंदू वृषणांना कामाचा संदेश पाठवणे बंद करतो. रक्तातील पातळी उत्तम दिसते, पण वृषणांच्या आतली पातळी कोसळते आणि वीर्यातील शुक्रजंतू घटतात, कधी शून्यावर येतात. हा परिणाम इतका भरवशाचा, की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनच्या साप्ताहिक इंजेक्शनांची सात देशांत चाचणी घेतली होती; तिचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. औषध थांबवल्यावर बहुतेकांमध्ये शुक्रजंतू परततात, मात्र त्याला काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. मूल हवे असलेल्यांसाठी एचसीजी वा क्लोमिफेनसारखे पर्याय आहेत, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. लग्नाआधी शरीर कमावण्यासाठी चोरून स्टिरॉइड घेणाऱ्यांनाही हेच लागू पडते.

हृदयविकाराची धास्ती पूर्वी फार होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीत हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे, या तक्रारी औषध घेणाऱ्यांत जास्त दिसल्या. रक्त दाट होण्याचा धोकाही असतो. म्हणून हिमॅटोक्रिट आणि प्रोस्टेटची पीएसए तपासणी आधी व नंतरही ठराविक काळाने करावी लागते. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्यांना सहसा हे औषध दिले जात नाही. जेल वापरणाऱ्यांनी हात धुवावेत, लावलेली जागा झाकावी. मुंबईच्या छोट्या घरांत लहान मूल सहज अंगाशी येते आणि औषध त्याच्या त्वचेला लागू शकते.

लठ्ठपणा, मधुमेह व झोपेत श्वास अडकण्याचा विकार यांमुळेही पातळी खालावते. तिथे आधी वजन आणि झोप यांकडे पाहिले जाते. वजन उतरल्यावर अनेकांची पातळी आपोआप सुधारते. सल्ल्यासाठी अंतःस्रावतज्ज्ञ गाठावा. परळच्या केईएम रुग्णालयात या शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. इंजेक्शन सुरू केले असेल, तर मात्र ते मनाने एकदम बंद करू नये. शरीराची स्वतःची निर्मिती पूर्ववत होईपर्यंतचे आठवडे फार थकव्याचे जातात.