अंगावरचे तीळ : कोणते साधे, कोणते दाखवावेत?



आपल्या निपाणी-बेळगाव भागात तिळाविषयी बोलणे निघाले की ते नशिबाकडेच वळते. तळहातावर तीळ असला तर हाती पैसा टिकतो, तळपायावर असला तर माणूस फिरस्ता होतो, असे थोरले लोक सांगतात. आरोग्याच्या दृष्टीने मात्र हे दोन्ही तीळ वेगळ्याच कारणासाठी पाहण्यासारखे आहेत.

कातडीला रंग देणाऱ्या पेशी एके ठिकाणी गोळा झाल्या की तीळ दिसतो. काही तीळ जन्मतःच असतात. बहुतेक लहानपणापासून तिशीपर्यंत उठतात. गरोदरपणी ते थोडे गडद होऊ शकतात. बहुतेक सारे तीळ जन्मभर निरुपद्रवी राहतात. चामखीळ निराळी, ती विषाणूमुळे होते.

क्वचित ह्याच रंगपेशींचा कर्करोग होतो. त्याला मेलॅनोमा म्हणतात. गोऱ्या लोकांत तो जास्त आढळतो आणि तेथे उन्हाचा मोठा संबंध असतो. आपल्याकडे तो विरळा. पण झालाच तर बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. अनवाणी राबणाऱ्या माणसाला तळव्यावरचा काळा डाग म्हणजे बाभळीचा काटा मोडला असेल, असे वाटते. महिने निघून जातात आणि जांघेत गाठ आल्यावर दवाखाना आठवतो. जमैकाचे प्रसिद्ध गायक बॉब मार्ली ह्यांना १९७७ साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच रोग आढळला. तो पुढे शरीरभर पसरला व ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६व्या वर्षी, ते वारले.

तीळ कसा तपासावा?

१. आकार : मधोमध रेघ कल्पिली तर दोन्ही बाजू सारख्या आहेत का?
२. कड : गोल, रेखीव आहे की वेडीवाकडी, पसरलेली?
३. रंग : एकसारखा आहे की काळा, तपकिरी, निळसर, लालसर असा मिसळलेला?
४. रुंदी : शिसपेन्सिलीच्या बुडापेक्षा, म्हणजे ६ मिलिमीटरहून, मोठा आहे का?
५. बदल : अलीकडे वाढला, खाजू लागला, चिघळला, रक्त येऊ लागले का?

ह्यांत पाचवी खूण सर्वांत महत्त्वाची. वीस वर्षे तसाच असलेला तीळ सहसा साधा असतो. चाळिशीनंतर नवा उठून वाढणारा तीळ दाखवलाच पाहिजे.

तंबाखूच्या हंगामात हाताला बसणारा चिकट काळा थर काही दिवसांत निघून जातो. जो डाग जात नाही, तो पाहावा. कुदळीचा घाव बसून नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते. काळी रेघ मात्र नखाच्या मुळापासून तशीच राहिली, रुंदावली किंवा बाजूच्या कातडीवर उतरली, तर थांबू नये.

तिळावर चुना, सोडा किंवा बिब्बा लावू नये. घोड्याचा केस बांधून तो तोडू नये. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात. शिवाय जो भाग तपासायचा तोच जळून जातो आणि रोग आत राहू शकतो. "सुरी लागली की रोग पसरतो" ही भीतीही खोटी आहे. संशयित तीळ काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हाच निदानाचा खरा मार्ग आहे. रोग वरच्या थरात असतानाच काढला तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. खोल गेल्यावर उपचार अवघड आणि खर्चिक होतात.

आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. पुढच्या तपासणीसाठी बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि के.एल.ई. संस्थेचे रुग्णालय आहे. डाग काळा नसून फिकट असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तरीही जावे. ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते, आणि त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

महिन्यातून एका रविवारी, आंघोळीनंतर उजेडात बसून तळपाय, बोटांच्या बेचक्या व नखे पाहावीत. म्हाताऱ्यांना वाकता येत नाही. त्यांचे पाय सुनांनी, नातवंडांनी पाहावेत. बैलाचा खूर आपण रोज पाहतो. आपल्या तळव्यालाही तेवढा वेळ द्यावा.