कांद्याची पात उपटू नका, कापा!

आजचा छोटा भाग गणपतीपुळ्याहून, आमच्या घराच्या पडवीतून. विषय आहे घरची कांद्याची पात.

झालं असं, वर्क फ्रॉम होम मिळालं आणि मी जूनमध्ये घरी आलो. गुडघ्यांमुळे आईला वाकता येत नाही, त्यामुळे तिची परसबाग ओस पडली होती. म्हटलं, बीटेक केलंय, एवढं तर जमेलच! मोड आलेले वीस कांदे कुंड्यांत लावले आणि अंगणात ठेवले. जुलैत सगळे कुजले.

चूक माझीच. कांद्याची मुळं बारीक आणि वरवरची असतात. कोकणातल्या पावसात माती सतत चिंब राहिली, की मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी लागते. आई म्हणाली, "अरे, पाऊस जाऊ दे की आधी."

मग दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात. एक वीत खोल कुंडी, तळाला भोकं. त्यावर नारळाच्या सोडणाचे तुकडे, म्हणजे भोकं बुजत नाहीत. वर लाल माती आणि निम्मं कुजलेलं शेणखत. कांदे चार बोटांच्या अंतरावर, मान मातीबाहेर ठेवून लावले. रोज पाच-सहा तास ऊन. पाणी कधी? बोट खुपसून पाहा, वरची माती कोरडी लागली तरच.

आता मुख्य गोष्ट. कांद्याचं खरं खोड म्हणजे मुळांच्या वरची ती छोटीशी चकती. पानं तिथूनच, खालून वर वाढतात. म्हणून पात उपटायची नाही. वीतभर झाली की दोन बोटं ठेवून कात्रीने कापायची, ती पुन्हा वाढते. बाजारातून आणलेल्या जुडीचे मुळांसकट बुडखेही असेच लावता येतात. नुसत्या पाण्याच्या ग्लासातही पात फुटते, पण साठवलेलं अन्न संपलं की ती मलूल होते. मातीत जास्त टिकते. मात्र दर कापणीनंतर पात थोडी बारीक होत जाते, तेव्हा दर दोन-तीन आठवड्यांनी दोन-चार नवे कांदे लावत राहा.

यावेळी कुंड्या अंगणात नाहीत, पडवीच्या कठड्यावर आहेत. आईच्या कमरेच्या उंचीवर. काल तिने स्वतः उभ्याने पात कापली आणि पीठ पेरून भाजी केली. माझा कॉल चालू होता, तरी जेवायला उठलो.

तुमच्या टोपलीत मोड आलेला कांदा असेल, तर फेकू नका. भेटू पुढच्या भागात!