उंबरठ्याच्या आत

बेळगाव, इंदूर, बडोदे अशा गावांच्या जुन्या पेठांतील वाडे एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत. नव्या जागेत माणसांची सोय कशीबशी लागते. प्रश्न उरतो तो अंगणात वाढलेल्या कुत्र्याचा. त्याला मागे ठेवावे तर तो रस्त्यावर येतो. बरोबर न्यावे तर तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत त्याचा जीव रमत नाही. पुष्कळ कुटुंबे आठ-पंधरा दिवस प्रयत्न करतात, मग कंटाळून त्याला गच्चीवर बांधून ठेवतात किंवा दूर कोठेतरी सोडून येतात. हे टाळता येण्याजोगे आहे.

अशा कुत्र्याला जन्मभर एकच कायदा शिकवलेला असतो : उंबरठा ओलांडायचा नाही. ओसरीवर पाऊल पडताच त्याने ‘हाड’ ऐकलेले असते, प्रसंगी काठीही खाल्लेली असते. आता तीच माणसे गळ्यात पट्टा घालून त्याला आत ओढू लागतात आणि तो पाय रोवून उभा राहतो. लोक याला हट्ट म्हणतात; वास्तविक तो आज्ञाधारकपणा आहे. म्हणून त्याला ओढू नये. दार उघडे ठेवून पहिल्या दिवशी उंबरठ्याबाहेर, दुसऱ्या दिवशी उंबरठ्याशी आणि मग हातभर आत असे त्याचे अन्न सरकवीत न्यावे. तो स्वतःच्या पायांनी आत आला म्हणजे निम्मे काम झाले. ज्या गोणपाटावर तो अंगणात निजत असे, ते न धुता तसेच एका कोपऱ्यात अंथरावे. गृहिणीला ते रुचणार नाही. परंतु त्या परक्या घरात ओळखीचा वास तेवढ्या गोणपाटालाच असतो.

घरात घेण्यापूर्वी मात्र पशुवैद्याकडे एक फेरी अवश्य व्हावी. गोचिडी, पिसवा आणि पोटातील जंत यांचा बंदोबस्त करून रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढे ती पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमाने देत जावी. हा रोग एकदा लक्षणांनिशी प्रकट झाला की त्यातून रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. कुत्र्यांच्या व्यापक लसीकरणाने काय साधते हे गोव्याने दाखवून दिले आहे. २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले.

सर्वांत अधिक कटकट होते ती मलमूत्राची. येथे निसर्गच माणसाच्या बाजूचा आहे, कारण कुत्रा आपल्या निजण्याच्या जागी सहसा घाण करीत नाही. अडचण अशी की त्याच्या लेखी ‘घर’ म्हणजे ते गोणपाट आणि भोवतालची चार हात जागा; पलीकडचा दिवाणखाना म्हणजे अंगणच! म्हणून पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावे आणि ती त्याची झाली म्हणजे पुढची मोकळी करावी. झोपेतून उठल्यावर, जेवणानंतर आणि रात्री निजण्यापूर्वी ठराविक वेळी ठराविक जागी त्याला बाहेर न्यावे. जन्मभर मातीची सवय झालेला कुत्रा सिमेंटच्या रस्त्यावर तासभर फिरून तसाच परततो आणि घरात येऊन सतरंजी ओली करतो. त्याला माती किंवा गवत असलेली जागाच शोधून द्यावी लागते. तेथे काम झाल्याबरोबर, त्याच क्षणी, शाबासकी आणि भाकरीचा तुकडा द्यावा. घरी आल्यावर दिलेला तुकडा कशाबद्दल होता हे त्याला उमगत नाही.

चुकलेल्या कुत्र्याचे नाक त्या घाणीत घासण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. त्यातून तो एवढेच शिकतो की माणसांदेखत मूत्रविसर्जन करणे धोक्याचे. पुढे तो कपाटामागे जातो, आणि बाहेर नेले तरी मालकासमोर बसेनासा होतो. फिनेलने पुसण्याने वास मनुष्याच्या नाकापुरता दडतो. ती जागा टिपून कोरडी करावी व मूत्रातील द्रव्ये विघटित करणारे विकरयुक्त द्रावण वापरावे. तसली द्रावणे आता बाजारात मिळतात.

मग घरातील भुते. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची घंटा यांतले काहीही त्याने इतक्या जवळून ऐकलेले नसते. शिट्टी होण्याच्या वेळी त्याला दूरच्या खोलीत आवडता घास द्यावा आणि अंतर दिवसेंदिवस कमी करीत जावे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगांत ठराविक खुणेमागून अन्न मिळते हे कळल्यावर नुसत्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले. तोच नियम येथे उपयोगी पडतो. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवर चटया टाकाव्यात. शेपूट पायांत घेणे, वारंवार ओठ चाटणे, झोप नसता जांभया देणे ही भीतीची लक्षणे होत. तो गुरगुरला तर त्याला मारू नये. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे. ती मारून बंद केली तर पुढे सूचनेवाचून चावा बसतो. मुलांना हे विशेष सांगावे, आणि तो जेवत वा निजत असता त्याला हात लावू देऊ नये.

अंगणातला कुत्रा रिकामा नसतो हेही ध्यानात घ्यावे. राखण करणे, वास घेत हिंडणे, मांजरामागे धावणे हा त्याचा दिवसभराचा उद्योग. तो काढून घेतला की चपला कुरतडल्या जातात. फिरावयास नेताना त्याला थांबून हुंगू द्यावे. बेळगावच्या शेजारील बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या शिकारी कुत्र्यांचे चित्र २००५ साली भारतीय टपाल तिकिटावर झळकले. परंतु धावण्यासाठीच घडलेला असा कुत्रा मोकळे मैदान जवळ नसेल तर सदनिकेत आणूच नये.

घरच्या माणसांच्या मायेतूनही अपाय होतो. प्रसादाच्या शिऱ्यातील मनुका, द्राक्षे, कांदा आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषासमान आहेत.

मोठ्या वयाच्या कुत्र्याला हे सारे अंगवळणी पडावयास काही आठवडे, भित्र्याला काही महिने लागतात. मात्र नीट शिकलेला कुत्रा एकाएकी पुन्हा घरात ओले करू लागला, तर त्याला रागावण्यापूर्वी मूत्र तपासून घ्यावे. पुष्कळदा दोष मूत्राशयाच्या विकाराचा असतो.