लेखांक ७ : पाळी बदलताना सांगायचं राहून गेलेलं

मागच्या आठवड्यात आपण बैठकांबद्दल बोललो. आजचा विषय त्याहून लहान दिसतो, पण माझ्या मते व्यवस्थापनातला सगळ्यात दुर्लक्षित विषय हाच आहे. एक माणूस काम सोडून घरी निघतो, दुसरा त्याच्या जागी उभा राहतो. मधली ती पाच-दहा मिनिटं. कारखान्यात त्याला चार्ज देणं-घेणं म्हणतात, हॉस्पिटलमध्ये सिस्टर ‘ओव्हर’ देतात, सरकारी कार्यालयात कार्यभार सोपवला जातो. नाव काहीही असो, अर्धवट काम एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायची वेळ हीच. आणि नेमकी हीच वेळ कोणाच्याही हिशेबात धरलेली नसते.

ही गोष्ट किती महागात पडू शकते, हे ‘पायपर अल्फा’ने दाखवलं. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनपासून सुमारे १९० किलोमीटरवर, उत्तर समुद्रात उभा असलेला हा तेल आणि वायू काढणारा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८ रोजी तिथे काय घडलं ते जरा सावकाश पाहू, कारण त्यातला एकेक टप्पा आपल्या रोजच्या कामातला वाटतो.

तिथे द्रवरूप वायू पुढे ढकलणारे दोन पंप होते, ए आणि बी. त्यातल्या ए पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसपाळीने तपासणीसाठी काढला होता. संध्याकाळी सहाला पाळी संपली तरी काम पुरं झालं नव्हतं. मग व्हॉल्व्हच्या जागी पाइपाच्या तोंडावर लोखंडी चकती बसवली आणि काम दुसऱ्या दिवसावर टाकलं. हे काम करणारा सुपरवायझर त्याचं परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घेऊन कंट्रोल रूममध्ये गेला. ज्याला सांगायचं तो माणूस कामात गुंतलेला होता. सुपरवायझरने परमिट तिथे ठेवलं आणि तो निघून गेला. पाळी बदलताना जे तोंडी बोलणं झालं, त्यातही त्या व्हॉल्व्हचा उल्लेख आला नाही.

रात्री पावणेदहाच्या सुमारास बी पंप बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना. दोन्ही पंप बंद राहिले तर प्लॅटफॉर्मची वीज जाण्याची भीती होती. रात्रपाळीच्या लोकांनी निष्काळजीपणा केला नाही. ए पंप लावण्याआधी त्यांनी कागद तपासले. पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचं परमिट त्यांना सापडलं, ते काम तर सुरूही झालं नव्हतं. व्हॉल्व्हचं परमिट वेगळं होतं आणि ते दुसरीकडे ठेवलेलं होतं. व्हॉल्व्हची जागाही वर, यंत्रांच्या गर्दीत, पंपाजवळ उभं राहून सहज दिसणार नाही अशी. त्यांनी ए पंप सुरू केला. दहाच्या सुमारास चकतीतून वायू सुटला आणि स्फोट झाला. १६७ माणसं गेली. त्यातले दोघे वाचवायला आलेल्या बोटीवरचे होते.

लॉर्ड कलन यांच्या चौकशी समितीचा अहवाल नोव्हेंबर १९९० मध्ये आला. त्यात १०६ शिफारशी होत्या आणि त्या सगळ्या स्वीकारल्या गेल्या. दुर्घटनेला इतरही कारणं होती. समुद्रात पाणबुडे उतरत असल्यामुळे आगीचे पंप आपोआप सुरू होणार नाहीत असे ठेवलेले होते. जोडलेल्या शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून तेल येणं वेळेत थांबवलं गेलं नाही. पण पहिली ठिणगी पडली ती संध्याकाळी सहा वाजता जे सांगायचं राहिलं, त्यातून. परमिट लिहिलेलं होतं. फक्त ज्याला ते कळायला हवं होतं, त्याला कळलं नाही.

इथे आपल्याकडच्या कारखान्यांतला माणूस म्हणेल, आमच्याकडे शिफ्ट रजिस्टर आहे, रोज भरलं जातं. ते उघडून पाहा. नोंद साधारण अशी असते : ‘प्रॉडक्शन ४१२. मशीन ३ ब्रेकडाऊन. मेन्टेनन्सला सांगितलं. बाकी ओके.’

या नोंदीत झालेल्या कामाचा आकडा चोख आहे, कारण तो वर जातो, साहेब बघतात. पण सेकंड शिफ्टला येणाऱ्या माणसाला ४१२ चा काय उपयोग? त्याला हवं आहे ते न झालेलं. मशीन कधीपासून बंद आहे, काय तुटलं, मेन्टेनन्समध्ये कोणाला सांगितलं, त्यांनी काय उत्तर दिलं, मधल्या वेळेत कोणी बटण दाबलं तर चालेल का, आणि तिथला जॉब कुठे वळवलाय. तीच नोंद अशी लिहिता येते : ‘मशीन ३ सकाळी ११.२० पासून बंद. हायड्रॉलिक होज फुटली. स्टोअरमध्ये नाही, मागवली आहे, संध्याकाळी सहापर्यंत येईल. मेन स्विचला कुलूप, चावी मेन्टेनन्सच्या इंजिनिअरकडे. त्यांच्याशिवाय चालू करू नये. जॉब मशीन ५ वर घेतलाय, पहिले दहा नग मोजून घ्यावेत.’ लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

तरीही लिहिणं पुरेसं नाही. पायपर अल्फावरही लिहिलेलं होतंच. दोन माणसांनी मशीनसमोर उभं राहून बोलणं याला पर्याय नाही, आणि त्या बोलण्यात घेणाऱ्याचं तोंड चाललं पाहिजे. ते असं ऐकू येतं :

“काका, तीन नंबर बंद आहे. होज सहाला येणार.”

“मग साडेसहाला लावू का?”

“नाही, चावी मेन्टेनन्सकडे आहे. ते आल्याशिवाय हात लावायचा नाही.”

“बरं. म्हणजे होज आली तरी मेन्टेनन्सचा माणूस येईपर्यंत तीन नंबर बंदच. पाचवर पहिले दहा नग मोजायचे. आणि तो नवीन पोरगा आज कुठे?”

“बरं विचारलंत. तो डबल करतोय, सकाळपासून उभा आहे. त्याला प्रेसवर ठेवू नका.”

नव्या पोराची गोष्ट रजिस्टरमध्ये कधीच आली नसती. आणि “साडेसहाला लावू का” हा प्रश्न आला नसता, तर ‘होज सहाला येणार’ या तीन शब्दांचा अर्थ दोघांच्या डोक्यात वेगवेगळा राहिला असता.

घेणाऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, ही सवय वैद्यकीय क्षेत्राने अलीकडे फार गांभीर्याने घेतली आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ९ हॉस्पिटलांत मुलांच्या वॉर्डांमध्ये निवासी डॉक्टरांना चार्ज देण्याची एक ठरलेली पद्धत शिकवली गेली. तिचं नाव ‘आय-पास’. रुग्ण किती गंभीर आहे, थोडक्यात हकिगत काय, आता कोणती कामं बाकी आहेत, रात्रीत काय बिघडू शकतं आणि तसं झालं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्या डॉक्टरने सगळं परत सांगायचं, असा तिचा क्रम. १०,७४० रुग्णांच्या नोंदी पाहून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्यासारखी हानी ३० टक्क्यांनी. चार्ज द्यायला लागणारा वेळ मात्र लक्षात येण्याइतका वाढला नाही. ‘आम्हाला एवढा वेळ कुठे आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकासमोर मी हा शेवटचा मुद्दा ठेवते.

त्या क्रमातली चौथी पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते : काय बिघडू शकतं. आपण चार्ज देताना आत्ताची स्थिती सांगतो, तिची दिशा सांगत नाही. भोपाळचं उदाहरण देताना हात थरथरतो, कारण तिथल्या विनाशाची कारणं पाळीबदलापेक्षा कितीतरी मोठी होती, आणि ती कामगारांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण एक तपशील शिकण्यासारखा आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री पावणेअकराला पाळी बदलली. त्याआधी टाकी क्रमांक ६१० चा दाब मापकावर २ होता. अकराच्या सुमारास तो १० दिसला. टाकीचा दाब २ ते २५ च्या मध्ये असणं नेहमीचं मानलं जाई, त्यामुळे नुसता १० हा आकडा कोणाला खटकण्यासारखा नव्हता. थोड्याच वेळात पाचपट वाढ झालीय, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावरच दिसतं. आणि त्यांच्या मधून पाळीची रेघ गेली होती. म्हणून चार्ज देताना ‘दाब १०’ एवढंच सांगू नये. ‘मघाशी २ होता, आता १०’ असं सांगावं. तापमान, शिल्लक माल, तक्रारींची संख्या, ग्राहकाचा चढता आवाज, सगळ्यालाच हे लागू आहे.

आता आपल्याकडची खरी अडचण. ज्येष्ठाने सांगितलेलं परत उच्चारून खात्री करायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. नवी सिस्टर मोठ्या सिस्टरना “पुन्हा सांगता का” म्हणताना कचरते. डिप्लोमा करून आलेला पोरगा तीस वर्षं नोकरी झालेल्या फोरमनला प्रश्न विचारत नाही, मान हलवतो. ती हललेली मान ‘समजलं’ची असते की ‘जाऊ द्या’ची, हे फोरमनलाही कळत नाही.

यावर उपदेशाने काही होत नाही, रीत बांधावी लागते. रेल्वेचं पाहा. एका स्टेशनचा मास्तर पुढच्या स्टेशनकडे गाडीसाठी लाइन क्लिअर मागतो, तेव्हा परवानगीसोबत ‘प्रायव्हेट नंबर’ दिला जातो आणि तो लिहून घेतला जातो. दोघे वीस वर्षांचे मित्र असले तरी. नंबर विचारला म्हणून कोणाचा अपमान होत नाही, कारण तो सगळ्यांनाच विचारावा लागतो. परत सांगणं हा घेणाऱ्याच्या कामाचा भाग आहे, असं एकदा ठरवून टाकलं की त्यातला संकोच जातो. सुरुवात वरिष्ठानेच करावी. “माझ्याकडून काही राहिलं का, बघ बरं” असं विचारलं की समोरचा मोकळा होतो. “काय समजलं सांग” म्हटलं तर तो तोंडी परीक्षेला बसल्यासारखा आक्रसतो.

कार्यालयांमध्ये चार्ज रोज बदलत नाही, बदली झाली किंवा कोणी लांबच्या रजेवर गेलं की बदलतो, म्हणून नुकसान उशिरा दिसतं. यादी तयार होते ती कपाटांची, टेबलांची, नोंदवह्यांची. कोणत्या फाइलमध्ये काय अडलंय, कोणाला तोंडी काय कबूल केलंय, कोणती तारीख जवळ आलीय, हे त्या यादीत नसतं. दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आलेल्या माणसाला मग ऐकावं लागतं, “ते साहेब बदलून गेले, मला काही माहीत नाही.” त्या एका वाक्याची किंमत नागरिक मोजतो. बदली झालेल्याने फार काही करायला नको. पहिल्या महिन्यात जी प्रकरणं अंगावर येतील, ती एका पानावर लिहावीत, प्रत्येकासमोर माणसाचं नाव आणि तारीख, आणि नव्या माणसासोबत ते पान अर्धा तास वाचावं. मेलवर जोडून पाठवलेली चाळीस पानं कोणी वाचत नाही.

आणि आता वेळेचं. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ५८ ने, एकाच प्रकारच्या कामावर एका वेळी दोन पाळ्यांचे कामगार असू नयेत असं बंधन घातलं. कामगारांची पिळवणूक रोखायला ते योग्यच होतं. पण त्यामुळे पाळ्या काठाला काठ लावून आखल्या जातात, साडेतीनला एक संपते, साडेतीनलाच दुसरी सुरू होते, आणि मध्ये बोलायला जागाच राहत नाही. एमआयडीसीतल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटवर साडेतीनला उभं राहा. घरी सोडणारी कंपनीची बस पावणेचारला सुटते. ती चुकली तर दोन रिक्षा बदलून घर गाठावं लागतं. तेवढ्या वेळात हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, पंचिंग करायचं. अशा माणसाकडून मशीनसमोर उभं राहून शांतपणे चार्ज देण्याची अपेक्षा करणं बरोबर नाही. तो बेजबाबदार नाही. कंपनीने त्याच्या चांगुलपणाच्या भरवशावर एक काम ढकललंय, ज्याला ना पगार आहे ना वेळ.

यातून वाट काढणाऱ्या जागा आहेत. काही ठिकाणी सुपरवायझरची वेळ कामगारांच्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटं आधी सुरू होते, त्यामुळे निदान दोन सुपरवायझर एकत्र फेरी मारतात. काही वॉर्डांत ओव्हर टेबलाशी बसून न देता रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून दिली जाते. सलाइनची बाटली, कॅथेटर, पट्टी समोरच दिसते, आणि कधीकधी रुग्णच म्हणतो, “सिस्टर, दुपारची गोळी राहिली.” दोन्हीला खर्च नगण्य आहे.

तुमच्या हाताखाली पाळ्या चालत असतील, तर या आठवड्यात एकच करा. एका पाळीबदलाला स्वतः मशीनजवळ किंवा वॉर्डात जाऊन उभे राहा, काही न बोलता ऐका, आणि घेणाऱ्याने किती प्रश्न विचारले ते मोजा. एकही प्रश्न आला नाही, तर माणसांना रागावू नका. वाहतूक विभागाला फोन करून बस पंधरा मिनिटं उशिरा सोडायला सांगा, आणि त्या पंधरा मिनिटांचा पगार द्या.